घरघंटी: पीठ चांगलं, आवाज त्याहून चांगला

आधीच सांगते, ही घरघंटी मी गरज म्हणून घेतलेली नाही. आमच्या गल्लीच्या तोंडालाच गिरणी आहे, दळणवाले मामा वर्षानुवर्षांच्या ओळखीचे, आणि घरात माणसं तीन: आमचे हे, मी आणि आत्याबाई. लेक पुण्याला. एवढ्याशा दळणासाठी अठरा हजारांच्या वर मोजून यंत्र आणणं ही उधळपट्टीच, आणि ह्यांनी दुकानात उभ्या उभ्या तसं बोलूनही दाखवलं. मग गप्प बसले. त्या आठवड्यात मला कुणी नाही म्हणत नव्हतं.

बायोप्सीचा रिपोर्ट आला होता. डाव्या स्तनात गाठ, कॅन्सरच. वय चोपन्न. आधी एक दिवस घर सुन्न होतं, दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले, आणि तिसऱ्या दिवशी ज्वारीचं पीठ संपलं. कुणाला काहीही झालेलं असो, पीठ संपतं. आता गिरणीत जायचं म्हणजे डबा रांगेत लावायचा आणि बाकड्यावर बसायचं. त्या बाकड्यावर बसलं की अर्ध्या जालन्याची खबर मिळते. मीही ती वर्षानुवर्षं आवडीनं ऐकली आहे. पण आता त्या खबरीत मीच होते. ‘काय गं माय, मी ऐकलं ते खरंय का?’ हे कुणीतरी विचारणार, आणि वरून पीठ सांडत असताना मला उत्तर द्यावं लागणार. त्यापेक्षा अठरा हजार परवडले.

तर परीक्षण.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तिच्या सर्व्हिसबद्दल माझं रडगाणं आहे आणि भांडण त्यांच्याशी फोनवर चालू आहे, ते तिथंच राहू द्या. शिवाय या सगळ्या यंत्रांचा आतला कारभार जवळजवळ सारखाच. कमरेच्या वर येणारी उभी पेटी, वर धान्य ओतायचं तोंड, पुढे दार, खाली पिठाचा डबा. एक अश्वशक्तीची मोटर, घरच्या सिंगल फेजवर चालणारी. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, त्यामुळे तासभर चालवली तर पाऊण ते एक युनिट धरून चाला. ह्यांना पहिली काळजी बिलाची होती म्हणून हा हिशोब सगळ्यात आधी मांडला गेला. महिन्याच्या दळणाला काही बिल फुगत नाही.

आत दगड नसतात, हे मला घेईपर्यंत कुणी धड सांगितलं नव्हतं. गिरणीत दोन दगडांमध्ये दाणा चिरडला जातो. घरघंटीत एका गोल खोलीत लोखंडी पाती गरागरा फिरतात, दाण्याला बडवत राहतात, आणि भोवतीच्या जाळीच्या भोकातून जाईल इतका तो बारीक झाला की खाली पडतो. म्हणजे पीठ किती बारीक हे ठरवणार जाळी. माझ्या यंत्रासोबत सहा जाळ्या आल्या. एकीवर दळलेलं बेसन लाडवाला, दुसरीवरची भरड घाटल्याला, एकीवर पशुखाद्य म्हणून लिहिलंय, ती अजून प्लास्टिकमधून काढलेली नाही. दगड नाहीत म्हणून टाकी लावणं, म्हणजे झिजलेल्या दगडाला ठोकून परत खरखरीत करणं, नाही. आमच्याकडे गिरणीला टाकी लावली की पुढचे काही तास बायका डबे घेऊन घुटमळत राहतात, पहिलं दळण आपलं नको म्हणून. दाताखाली कचकच लागते ना. ती कटकट इथं नाही. ‘गव्हावर ज्वारी नको हं मामा’ हेही ओरडून सांगावं लागत नाही.

ज्वारी. मराठवाड्यात घरघंटीची परीक्षा ज्वारीवरच व्हायची, बाकी सगळं तोंडी लावायला. आमची ज्वारी दिरांच्या शेतातली, अंबडकडची, दगडी. जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा दीर पेढे घेऊन आले होते, जणू घरातलंच कुणी दहावी पास झालं. नावाप्रमाणे दाणा टणक. पहिल्या दळणाला मी हौसेनं सगळ्यात बारीक जाळी लावली. पीठ मैद्यागत निघालं, हाताला चटका बसेल इतकं गरम, आणि वेळ लागला तो वेगळाच. भाकरी थापली पण तिला ती मऊ चिवट गोडी येईना. मग तिच्या पुढची, जरा मोठ्या भोकांची जाळी लावली आणि भाकरी अशी फुगली की आत्याबाईंनी तव्यावरूनच मागून घेतली. ज्वारीत गव्हासारखा चिकटा नसतो, सगळा खेळ उकळत्या पाण्याचा आणि पिठाच्या विरीचा, म्हणजे भाकरी न तुटता थापली जावी अशा त्याच्या धरून राहण्याचा, आणि पीठ जुनं झालं की विरी जाते. आता मी दर दोन-तीन दिवसांनी लागेल तेवढंच दळते. या एका गोष्टीसाठी यंत्राला पैकीच्या पैकी मार्क. कंपनी ताशी आठ-दहा किलो म्हणते, ते जाड जाळीला असेल. दगडी ज्वारी बारीक जाळीवर घातली तर त्याच्या निम्म्यावर समाधान माना.

पीठ निघाल्यावर लगेच डब्याचं झाकण लावू नका. परातीत पसरून निवू द्या. गरम पिठाची वाफ झाकणाला धरते, पाणी सुटतं आणि चार दिवसांत वास येतो.

आता आवाज. दुकानदार म्हणाला होता, ‘ताई, मिक्सरपेक्षा कमी.’ खोटं. मिक्सर दोन मिनिटं ओरडून गप्प बसतो. ही अर्धा-पाऊण तास घरभर भरून राहते. ज्वारी पडली की नुसता गडगडाट, हरभरा डाळीला तर शेजारची भिंत दणाणते. फोन ऐकू येत नाही, दाराची बेल ऐकू येत नाही, आतल्या खोलीतून ह्यांनी मारलेली हाक ऐकू येत नाही. दुसऱ्या कुणाच्या परीक्षणात या मुद्द्यावर मार्क कापलेले दिसतील. मी वाढवते आहे.

कारण सांगते. रिपोर्ट आल्यावर सगळे म्हणतात मन दुसरीकडे गुंतव. गुंतवून पाहिलं. टीव्ही लावला तर दर मालिकेत कुणीतरी हॉस्पिटलच्या खाटेवर आणि बाहेर सासू रडतेय. मोबाईलवर एकदा काय तो शब्द शोधला, तेव्हापासून त्याच्या जाहिराती पाठ सोडेनात, चूर्णापासून काढ्यापर्यंत. जपाची माळ घेतली. बोटं मणी सरकवतात आणि डोकं आपलं गाठ किती सेंटिमीटरची यावरच. विणकाम मला कधीच जमलं नाही. आणि येणारी माणसं तर दुःखावर सल्ला ठेवूनच उठतात: गव्हांकुराचा रस घ्या, पपईचं पान घ्या, अमक्या गावात एक बुवा आहेत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, विचारल्याशिवाय कुठल्याही पाल्याचा रस पोटात जाता कामा नये. ते मी प्रत्येकाला सांगत बसू का? घरघंटी सुरू केली की सांगावं लागत नाही. माणूस दोन मिनिटं तोंड हलवतो, मग हसून खुर्ची मागे सरकवतो.

आणि नुसता आवाज नाही. दळणाला आधी आणि नंतर काम असतं. संध्याकाळी परातीत ज्वारी घेऊन निवडायला बसायचं, खडे, काडी, किडका दाणा. सुपात पाखडायचं. सकाळी ऊन दाखवायचं, कारण ओलसर धान्य घातलं तर पीठ जाळीला लिंपून बसतं आणि मोटर कण्हायला लागते. मग जाळी बसवायची, दार घट्ट लावायचं (दार उघडं राहिलं तर यंत्र सुरूच होत नाही, ही सोय उत्तम), धान्य बेताबेतानं सोडायचं. मग चाळायचं, निववायचं, भरायचं, आतली पाती ब्रशनं झाडायची. निवडताना मन अर्धंच गुंततं, खरंय. उरलेलं अर्धं तो गडगडाट घेऊन जातो.

आत्याबाई ब्याऐंशीच्या. त्यांना पहिल्या दिवशी यंत्र मुळीच पटलं नाही. ‘आमच्या जात्याला ओवी यायची, तुझ्या डब्याला काय येतंय, नुसती घुर्रर्र.’ दोन-चार दळणं झाल्यावर एकदा मी यंत्रापाशी उभी होते, पाठ दाराकडे, आणि त्या कधी मागे येऊन उभ्या राहिल्या मला कळलंच नाही. मी तोंड पुसलं. त्या काही बोलल्या नाहीत. यंत्र बंद झाल्यावर म्हणाल्या, ‘जात्यापाशी रडलं तरी कुणाला ऐकू जात नव्हतं. अंधारातच दळायचो आम्ही.’ आणि पिठात बोट घालून चिमटीत चोळून बघितलं, म्हणाल्या, ‘जरा जाड ठेव.’ तेव्हापासून यंत्राबद्दल त्यांची तक्रार नाही.

मधला काळ सगळ्यात वाईट होता, वाट बघायचा. बायोप्सीनं कॅन्सर आहे एवढं कळतं. कुठल्या जातीचा, कुठलं औषध लागू पडेल, यासाठी त्याच तुकड्यावर पुढच्या तपासण्या होतात, ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का ते बघायला) आणि हर-टू (त्या नावाचं प्रथिन गाठीत जास्त आहे का ते बघायला). माझं हर-टू दोन प्लस आलं. म्हणजे ना हो, ना नाही. मग फिश नावाची आणखी एक तपासणी, आणखी वाट. माळकरी आत्याबाईंनी ते ऐकलं आणि हादरल्याच: ‘आता मासे खायला सांगितले का काय डॉक्टरनं?’ त्या दिवशी आम्ही तिघं पोट धरून हसलो, आणि मला वाटतं शेजारच्यांना आमचं काही कळेना.

त्याच दिवसांत मी येसर केला. बाहेरच्यांसाठी सांगते, येसर म्हणजे आमच्याकडच्या लग्नाच्या पंगतीतल्या आमटीचं पीठ: बाजरी किंवा ज्वारी, गहू, हरभरा डाळ, तांदूळ वेगवेगळे खमंग भाजायचे, धने, जिरे, मिरे, लवंग, दालचिनी, दगडफूल, सुकं खोबरं, मग सगळं एकत्र दळायचं. घरोघरी प्रमाण वेगळं आणि प्रत्येकीला आपलंच खरं वाटतं. खोबरं मात्र मी घरघंटीत घातलं नाही, मिक्सरवर वेगळं फिरवून मिसळलं. तेलकट वस्तू या यंत्राचा शत्रू. शेंगदाणे, तीळ, जवस, कारळ चुकूनही घालू नका, जाळी लिंपते. कारळाच्या चटणीसाठी खलबत्ताच. येसराचा वास गल्लीभर गेला आणि पहिल्यांदाच शेजारच्या भाभी आल्या त्या रिपोर्टचं विचारायला नाही, वाटी घेऊन. मग अजून कुणीतरी. मग भाभींनी त्यांची तांदळाची पिठी दळायला आणली, समोरच्या वैनींनी धपाट्यांचं पीठ. माझ्या दारात डबे लागायला लागले, बाकडं काय ते कमी होतं. गप्पा आल्याच, पण गप्पा जाळीच्या, धन्याच्या भावाच्या. कुणी विचारलंच तर मी सांगते आता, पण हातात काम असताना सांगणं आणि सोफ्यावर बसून सांगणं यात फरक पडतो.

उपचार छत्रपती संभाजीनगरला चालू आहेत, जालन्याहून साठेक किलोमीटर. पेट स्कॅनच्या, म्हणजे कॅन्सर अंगात आणखी कुठे आहे का ते बघणाऱ्या तपासणीच्या, आधी उपाशीपोटी शिरेतून इंजेक्शन देतात आणि तासभर गप्प पडून राहायला सांगतात. बोलायचं नाही, हालचाल नाही, फोन नाही. त्या तासात मी मनातल्या मनात भाजणीचं प्रमाण ठरवलं. बाहेर रांगेत हिंगोलीकडच्या एक बाई भेटल्या, त्याही ह्याच दुखण्याच्या, माझ्या पुढे दोन केमो झालेल्या. बोलता बोलता हळदीवर आलो. वसमतच्या हळदीलाही मानांकन आहे, आणि त्यांच्या घरी हळकुंडं दळूनच आणतात. त्यांनी सांगितलं, घरघंटीत हळकुंड सबंध घालायचं नाही, आधी कुटून तुकडे करायचे, आणि हळदीनंतर मूठ-दोन मूठ तांदूळ फिरवून काढायचे, म्हणजे आतला रंग नि वास निघतो. मी हे घरी फोन करून सांगेपर्यंत ह्यांनी पराक्रम गाजवला होता. मी परत आले तेव्हा भाकऱ्या पिवळ्या. दोन दिवस पिवळ्या. आत्याबाई म्हणाल्या, खंडोबाचा भंडारा समजून खा.

आता तक्रारी. पहिली धूळ. हवा बाहेर पडायला आत कापडी पिशवी असते, ती पिठानं भरली की यंत्र दाराच्या फटीतून फुफाटा सोडतं. ती दर दळणाला झटकावी लागते आणि झटकली की अंगण पांढरं. पहिली केमो झाली तेव्हा मी डॉक्टरांना सरळ विचारलं, दळण चालेल का. ते आधी हसले, मग म्हणाले, डोसनंतर साधारण आठवड्यानं ते पंधरवड्यापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात, तेव्हा धान्याच्या आणि पिठाच्या धुळीत जाऊ नका, इतर वेळी मास्क लावा. त्यामुळे त्या दिवसांत गिरणीवाले हे. मी आत, दार लावून, ओरडून सूचना देते, ज्या त्यांना ऐकू येत नाहीत. त्यांनी मार्करनं दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलंय: कुठल्या धान्याला कुठली जाळी. हे खरं तर कंपनीनं करायला हवं होतं. जाळ्यांवरचे नंबर पुस्तिकेतल्या नंबरांशी जुळत नाहीत, आणि शेजारणीच्या यंत्राचे नंबर आणखी वेगळे.

दुसरी तक्रार सर्व्हिस. पहिल्याच महिन्यात दाराचं बटण सैल झालं, यंत्र मधेच बंद पडायचं. फोन केला तर मेकॅनिक उद्या येतो. तो उद्या फार लांबला. मला या दिवसांत वाट बघण्याची सवय झाली आहे, पण रिपोर्टची वाट बघणं वेगळं आणि चाळीस रुपयांच्या बटणाची वाट बघणं वेगळं. दुसऱ्यासाठी मी मनसोक्त भांडले. बरं वाटलं. शेवटी गांधी चमनकडच्या एका मिक्सर दुरुस्तीवाल्या पोरानं ते बसवून दिलं आणि पैसे घेताना म्हणाला, ‘काकू, वॉरंटीतलं होतं ना?’ हौ, होतं.

तिसरी, विजेची. पंधरा अँपिअरचा प्लग आणि नीट अर्थिंग लागतं, साध्या पिनेच्या जोडावर चालवू नका. उन्हाळ्यात दुपारी व्होल्टेज पडलं की मोटर घरघरते पण पाती जोर धरत नाहीत. तेव्हा बंद करा, सकाळी दळा.

केमोनंतर तोंडाला लोखंडासारखी चव येते, भाकरीचीही. येसराची आमटी मात्र लागते, धपाटे दह्याशी लागतात. बाकीचं मी दळते, खातात इतर.

ज्यांच्या घरी माणसं कमी आणि गिरणी जवळ, त्यांनी पिठासाठी म्हणून हे घेऊ नये, पैसे फिटत नाहीत. घरात पाच-सहा माणसं आणि भाकरी खाणारी असतील तर जरूर घ्या. माझ्यासारखं काही कारण असेल तर ह्यांच्याशी हिशोबात पडू नका. पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो त्या बटणाचा. घेताना वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख समोर उभं राहून मारून घ्या, यंत्र दुकानातच मूठभर ज्वारी घालून चालवून बघा, आणि दुसऱ्या नंबरची बारीक जाळी एक जादा मागा. देतात, पण मागितल्याशिवाय देत नाहीत.